गादीखालचे अर्ज

निवळे, ३ नोव्हेंबर २०२५

चि. निशांत यास आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपलं निवळे महापालिकेत घ्यायची नोटीस ग्रामपंचायतीत लागली. सरकारच्या मनात आलं म्हणून हद्द सरकत नाही. आधी गावाच्या हरकती-सूचना घेऊन सुनावणी करावी लागते. मुदत १८ तारखेपर्यंत. पंचायत गेली की तिच्या परवानगीवर बांधलेली घरं उद्या बेकायदा ठरतील, ही माझी धास्ती. कोंडिबाच्या दुधाच्या टेम्पोतून गावाचे अर्ज पाठवलेत. कॉलेज तर सोडलंस, निदान हे तिकडच्या सरकारी ऑफिसात देऊन शिक्क्याची पोच घे.

आई विचारते, जेवतोस का, की सीवूड्सला त्या प्राचीकडे मारलेल्या फेऱ्यांनीच पोट भरतं?

माया आहे ती राहू दे.
आप्पा

नेरूळ, १५ नोव्हेंबर

ती. आप्पांस शि. सा. न.

फोनवर तुम्ही बोलूच देणार नाही, म्हणून लिहून कोंडिबाच्या टेम्पोत देतोय. अर्ज दिले नाहीत, देणारही नाही. गठ्ठा माझ्या गादीखाली आहे. प्राचीचे बाबा म्हणाले, टँकरवर जगणाऱ्या गावात मुलगी देणार नाही. माझं डोकंच सटकलं. गाव शहरात गेलं की नळ येईल, मग बघू काय बोलतात. तुम्हाला पंचायतीचं पडलंय, इथे माझं आयुष्य चाललंय!

शिव्या द्या, पण लोभ तोडू नका.
निशांत

निवळे, १६ नोव्हेंबर

चि. निशांत यास आशीर्वाद. राग वेगळा.

शहाण्या, गठ्ठा उघडून तरी बघितलास? रखमाकाकूचा अर्ज वाच. तिला लिहिता येत नाही, म्हणून मीच लिहिला: मरायच्या आधी दारात नळ बघायचाय, गाव शहरात घ्या. खाली तिचा अंगठा. असे चाळीसेक आहेत. मला पटत नाहीत, तरी पाठवले. ज्याचा अर्ज नाही त्याला सुनावणीत कोण विचारतो? मला गप्प करायला निघालास आणि काकूचं तोंड दाबलंस. परवा मुदत संपते.

अजूनही तुझाच,
आप्पा

नेरूळ, १८ नोव्हेंबर

ती. आप्पांस सा. न.

खिडकी बंद होता होता पोचलो. कारकुनाने विचारलं, आजच सुचलं का. मी गठ्ठा पुढे सरकवला. पोच सोबत आहे, शिक्का बघून घ्या.

प्राचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिच्या नावावर असले धंदे करायला तिने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून फोन उचलत नाही. काल तिच्या बिल्डिंगखाली तासभर उभा होतो, वर जायची हिंमत झाली नाही.

गठ्ठ्यात एक अर्ज मी वाढवलाय. माझा. गाव शहरात घ्या, असाच. तुमच्या विरोधातच आहे आप्पा, पण खाली सही केलीय. सुनावणीला या. मी रखमाकाकूच्या शेजारी बसेन.

रागावलात तरी आपलाच,
निशांत