शेवटचे दोन भाग तुझ्याकडे

प्रिय दादास,

तुझ्या आगाऊ धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात उकडतं फार, पण चादरी वाळेपर्यंत बसून वाचता येतं. तुझा दमा कसा आहे? वहिनी फोनवर 'ठीक आहेत' एवढंच म्हणते, म्हणून विचारते.

इथे रद्दीच्या दुकानात चार भागांची एक विज्ञानकादंबरी मिळाली. तिचं नावही कुणी ऐकलेलं नाही. दूरच्या ग्रहाकडे निघालेल्या यानात रेडिओ दुरुस्त करणारी एक बाई आहे. घरचा निरोप तिच्यापर्यंत पोचतो तोवर घरची माणसं म्हातारी झालेली असतात. यंत्रांची बडबड कंटाळवाणी आहे, ती पानं खुशाल सोड. पण बाई अशी जिवंत उतरलीये की बास! तुमच्या वाचनमंडळालाही सांग.

आपण एका पुस्तकावरून भांडलो म्हणून बाबांनी ते मधोमध फाडून दोघांना वाटलं होतं, आठवतं? मग तीच रीत पडली. सुरुवात मला, शेवट तुला, आणि जेवताना एकमेकांना सांगायचं. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

इथे आल्यापासून सगळी पुस्तकं मी अख्खी वाचली. इतकी वर्षं उगाचच वाचली रे.

या वेळी पहिले दोन भाग वाचून थांबलेय. शेवटचे दोन न उघडता तुला पाठवतेय. दमादमानं वाच. शेवट मात्र पत्रात लिहू नकोस, फोनवरही नको. रजेचा अर्ज टाकलाय. जेवताना सांग.

तुझी,
अर्ध्या पुस्तकाची वाटेकरीण