ग्लेनिस थ्रेलफॉल हिची सात कोरी वर्षे

मी, ग्लेनिस मार्गरेट थ्रेलफॉल, वय अडुसष्ट, राहणार फ्लीटवुड, लँकेशायर, धंदा खुर्च्या-सोफे मढवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण लिहायला ती लागत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सल्ले पुष्कळ आले. ते पुढे येतील. यापूर्वीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः माझे दीर क्लिफर्ड यांनी मला 'फक्त खाली सही कर' म्हणून करायला लावले होते ते.

अंमलबजावणी माझी शेजारीण नोरीन गॉर्नल हिने करावी. ती तीस वर्षे शाळेत मुलांना जेवण वाढत होती. कोणाच्या ताटात किती पडले ते तिला न बघता कळते.

एक. घर माझा एकुलता मुलगा रसेल याला. मागच्या खोलीचे छप्पर गळते. गेली पंधरा वर्षे तो 'बघतो' म्हणतो आहे. आता स्वतःचे म्हणून बघेल.

त्या मागच्या खोलीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. माझ्या सासूबाई, इडिथ थ्रेलफॉल, २००६ ते २०१३ अशी सात वर्षे तिथे पडून होत्या. मुलगे दोन: माझे यजमान डेझमंड, जे आता हयात नाहीत, आणि थोरले क्लिफर्ड. दोघांचे फर्निचरचे दुकान होते आणि मी तिथे पगारी कामाला होते. कोणीतरी घरी राहायला हवे असे ठरले, आणि ते कोणीतरी म्हणजे मी हे न ठरवताच ठरले. मी पगार सोडला. दिवसातून चारदा त्यांना कुशीवर वळवायचे, लापशी भरवायची, शिव्या ऐकायच्या. सासूबाईंची जीभ शेवटपर्यंत ठणठणीत होती. गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मात्र मी त्यांचे केस विंचरत असताना म्हणाल्या, "तुझा हात हलका आहे गं." सात वर्षांत तेवढे एकच. मी ते खर्च केलेले नाही.

दोन. बँकेतल्या पैशांतून दोन हजार पौंड नोरीनला, उरलेले रसेलला. ते त्याला वाटले होते त्यापेक्षा कमी का, हे त्याला माहीत आहे. तरी कागदावर असावे.

पासष्टाव्या वर्षी मला सरकारी पेन्शनची नोंद आली. कोणत्या वर्षी वर्गणी भरली, कोणत्या वर्षी नाही, याचा तो तक्ता. त्यात सात वर्षांसमोर 'अपूर्ण' लिहिले होते. मी फोन केला. पाऊण तास बासरी की काय ते वाजत राहिले, मग एक मुलगी आली. आवाजाने गोड होती.

"बाई, २००६ ते २०१३ तुम्ही काय करत होता?"

"सासूला सांभाळत होते."

"म्हणजे काम करत नव्हता."

मी म्हटले, "नाही. लोळत होते."

ती हसली नाही. तिला वाईट वाटले. म्हणाली, सांभाळणाऱ्यांसाठी अर्ज असतो. तो वेळेवर आला असता तर एक पेनीही न भरता त्यातली बरीच वर्षे तुमच्या नावावर लागली असती. आता उशीर झाला. आता पैसे भरूनच ती जागा भरता येईल. सातही वर्षांचे मिळून पाच हजार सातशे सत्तर पौंड. भरले तर आठवड्याला चाळीस पौंड जास्त, मरेपर्यंत.

अर्ज मी केला होता. मला चांगला आठवत होता. सही करून क्लिफर्डच्या हातात दिला होता, कारण घरातली कागदपत्रे तो बघायचा. मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मी स्वतः पेटीत टाकला. टपालवाल्यांचा काही भरवसा आहे का?"

तीन. खुर्च्यांचा हिशोब. तीस वर्षे खुर्च्या उसवून मला एक गोष्ट कळली आहे: माणूस जे हरवले म्हणतो त्यातले निम्मे त्याच्या बुडाखाली असते. मला आजवर कवळ्या, अंगठ्या, एकदा जिवंत कासव सापडले आहे. त्या शरद ऋतूत क्लिफर्डने आपली आरामखुर्ची मढवायला पाठवली. बैठक आणि हात यांच्या फटीत सात पेन्सिली, पेपरमिंटच्या गोळ्या आणि चौघडी केलेला माझा अर्ज निघाला. माझ्या सहीसकट. अकरा वर्षे तो माणूस माझ्या पेन्शनवर बसून होता, आणि हा वाक्प्रचार नाही.

मी बिल पाठवले: पाच हजार नऊशे ऐंशी पौंड. तो बिल हातात फडफडवत आला.

"एका खुर्चीचे सहा हजार?"

"खुर्चीचे दोनशे दहा. बाकीचं बसण्याचं भाडं."

मी अर्ज पुढे केला. त्याने चष्मा लावला, वाचला, उलटा करून पाहिला. "ही सही तर तुझी आहे," तो म्हणाला, जणू त्याने मला पकडले. मग खिडकीकडे बघत: "आईला बघायचे पैसे कोण मागतं, ग्लेनिस? घरचंच तर होतं."

"घरचंच होतं, तर तू का नाही बघितलंस?"

"मला दुकान होतं."

त्याने दोनशे दिले. दहा कापले, एक बटण सैल आहे म्हणून. तो गेल्यावर मी अर्ज पुन्हा घडी करून त्याच्याच खुर्चीत काथ्याच्या खाली घातला, वरून कापड ताणले, खिळे ठोकले आणि खुर्ची त्याच्या घरी पोचवली. तेव्हा तो दस्तऐवज माझ्या मालमत्तेत शोधू नये. तो क्लिफर्डच्या ताब्यात आहे.

चार. पैसे भरावेत की नाही याबद्दल ज्यांनी सल्ले दिले त्यांचे आभार. झडपेचे निदान त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाले होते, म्हणून सगळे फार जपून बोलत. रसेलने लीड्सहून संगणकावर तक्ता करून आणला. पाच हजार सातशे सत्तर, भागिले चाळीस. पेन्शन सुरू झाल्यापासून एकशे चव्वेचाळीस आठवडे मी जगले तर पैसे फिटतात. तक्त्यात तीन रकाने होते: 'उत्तम', 'मध्यम' आणि 'इतर'.

"इतर म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे... आई, तू समजून घे ना."

"समजलं. मग इतरमध्ये नुकसान कोणाचं?"

त्याचे कान लाल झाले. लहानपणी बिस्किटे चोरताना व्हायचे तसेच. मग म्हणाला, "मला पैसे नकोत गं. मला फक्त तो तिसरा रकाना भरता येईना." मुलगा वाईट नाही. त्याला आकड्यांत रडता येते, एवढेच.

मी हृदयाच्या डॉक्टरांना सरळ विचारले, एकशे चव्वेचाळीस आठवडे निघतील का? ते म्हणाले, "असा नेमका आकडा आजवर कोणी विचारला नाही. कुठून आणलात?" मी सांगितले. त्यांनी उठून दार लावले, खुर्ची जवळ ओढली. "माझ्या बायकोची चार वर्षं कोरी आहेत. फोन कोणत्या नंबरवर करायचा?" माझ्या झडपेची गोष्ट राहूनच गेली.

शेवटी नोरीनने निकाल लावला. तळलेला मासा खाता खाता. "हे बघ, भरून मेलीस तर तुला कळणार नाही. न भरता जगलीस तर दर आठवड्याला कळेल."

मी दुसऱ्या दिवशी भरले. खरे कारण मात्र तिचे नव्हते, रसेलच्या तक्त्याचेही नव्हते. त्या सात ओळींसमोर 'अपूर्ण' लिहिलेले मला बघवेना. मी काहीही अपूर्ण ठेवले नव्हते. पैसे पोचल्यावर नवी नोंद आली, त्यात सातही वर्षांपुढे 'पूर्ण' होते. दुसऱ्याच्या आईला सांभाळल्याचा दाखला मला स्वतःच्या पैशांनी विकत घ्यावा लागला, पण घेतला.

एकशे चव्वेचाळिसावा आठवडा गेल्या महिन्यात उलटला. रसेलने फुले पाठवली. चिठ्ठीत लिहिले होते, 'आई, आता तू फायद्यात आहेस.' आठवड्याच्या त्या चाळीस पौंडांतून मी काहीही मागे टाकलेले नाही, कोणी शोधत बसू नये. पुढच्या खोलीत दिवसभर शेगडी चालते, आणि दर मंगळवारी मी आणि नोरीन ट्रामने ब्लॅकपूलला जाऊन हॉटेलात जेवतो. टेबलावर कापड असलेल्या.

पाच. माझी हत्यारे, म्हणजे चुंबकी हातोडी, वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी आणि दोन कात्र्या, चर्चच्या सभागृहात गुरुवारी शिकायला येणाऱ्या बायकांना. अट एकच. देण्याआधी प्रत्येकीला विचारावे, पेन्शनची नोंद स्वतः पाहिलीस का? 'आमचे हे बघतात' म्हणाली तर तिला आधी फोन लावून द्यावा, कात्री नंतर.

सहा. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी 'ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजली' असे म्हणू नये. सरकारने ते फुकट धरले नाही, माझ्याकडून पैसे घेतले; मग देवाच्या घरी तरी फुकट का धरावे? केकचे तुकडे मोठे कापावेत.

सात. साक्षीदार. कायदा असा आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्ष घातली तर त्याचे मिळायचे ते जाते. म्हणून रसेल नको, नोरीन नको. घरातला, ओळखीचा, आणि ज्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही असा माणूस हवा होता. फार शोधावे लागले नाही.

हे कलम मी त्याच्या समोरच लिहीत आहे. त्याने टोपी काढलेली नाही. औषधांच्या दुकानातल्या मिसेस पिकप शेजारी बसल्या आहेत. तो आत्ताच विचारतो आहे, "यात माझं नाव आहे का?"

"आहे."

"बऱ्यापैकी?"

"सगळ्यांपेक्षा जास्त वेळा."

तो खूश झाला आहे. वाचायला मागत नाही. स्वतःचे पेन काढले आहे.

सही: ग्लेनिस एम. थ्रेलफॉल
आम्हा दोघांच्या समक्ष केली:
१. क्लिफर्ड थ्रेलफॉल, वय ७९, निवृत्त फर्निचर व्यापारी
२. ऑलवेन पिकप, वय ५४, औषधविक्रेती
स्थळ: फ्लीटवुड. मंगळवार, १७ मार्च २०२६, सकाळी. ट्राम साडेअकराची आहे.