ताईची आदर्श पाठ

३ मार्च

चि. ठोंब्या यास, अ. उ. आ.

चार पानांच्या पत्रात ‘कंबर’ अकरा वेळा! तीस वर्षं वाकून घड्याळं दुरुस्त केलीस, आता कुरकुर कसली? पाठीतले स्नायू वापरले नाहीत की त्यांचं लोणी होतं. मी बासष्टाव्या वर्षी रोज चाळीस जोर मारते. कंबरदुखी हा आळशांचा आजार, असं शाळेत पी.टी. शिकवताना सांगत आले, आजही सांगते. आणि दुकान विकणार म्हणे! लाज वाटू दे.

तुझ्यावर (कमरेवर नव्हे) जीव असलेली,
ताई

१९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

एमआरआय काढला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. मणक्याशेजारचे स्नायू काळे दिसायला हवेत, माझ्यात पांढऱ्या रेघा आहेत, म्हणजे चरबी. तुझं लोणी सापडलं, खूश हो. पण सगळा दोष त्या लोण्यावर टाकू नका, म्हणाल्या. अशाच पाठीची कितीतरी माणसं शीळ घालत हिंडतात. शिवाय स्नायू झिजले म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून आपण हलत नाही आणि ते झिजतात, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तासातासाने उठायचं, व्यायाम हळूहळू वाढवायचा. दुकान विकायची गरज नाही हे ऐकून ही रडली. मी नाही रडलो; रडताना कंबर हलते.

भावोजींना नमस्कार. टोमणे कमी, माया जास्त पाठवावी.
ठोंब्या

२ एप्रिल

चि. ठोंब्या यास, आशीर्वाद.

गुळमुळीत बोलायचे पैसे मिळतात त्या बाईला. सोमवारी मी येते आहे, पंधरा दिवस. सतरंजी काढून ठेव. सहाला उठायचं. तुझ्या बायकोला सांग, दया दाखवायची नाही.

ताई

१२ एप्रिल

ती. भावोजींस, सा. न. वि. वि.

घाबरू नका, पण लगेच या. तिसऱ्या दिवशी सकाळी, गुडघ्याला कपाळ कसं टेकवायचं ते दाखवायला ताई वाकली आणि तशीच राहिली. मला वाटलं, हाही व्यायामच असेल. मी शेजारी वाकून उभा राहिलो. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं दिसलं.

तिचाही फोटो काढला. स्नायू तिशीतल्या बाईसारखे! डॉक्टरीणबाईंनी दोघा सहकाऱ्यांना बोलावून दाखवले. मग दुखतं कशामुळे, असं ताईने दरडावून विचारलं. त्या म्हणाल्या, नेमकं कारण पुष्कळदा सापडत नाही. फोटोत दिसत नसलं तरी दुखणं खरंच असतं. हे ऐकल्यापासून ताई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. काल मी तिच्यासमोर मुद्दाम चुकीचा व्यायाम केला. ती ओरडलीसुद्धा नाही. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

आपला,
ठोंब्या

२० मे

चि. ठोंब्या यास, अ. उ. आ.

आता फाटकापर्यंत जाऊन येते. तुझे भावोजी मागून खुर्ची घेऊन चालतात, वरात निघाल्यासारखे.

तुमच्याकडे का बोलत नव्हते, ते सांगते. सातवीत एक उंच मुलगी होती. दर आठवड्याला म्हणायची, बाई, कंबर दुखते. अंगाने धडधाकट, म्हणून मी तिला सगळ्यांसमोर सोंगाडी म्हटलं आणि मैदानाच्या पाच फेऱ्या जास्त दिल्या. वर्षभर. भिंतीकडे बघताना तीच दिसायची. शाळेतून पत्ता मिळवून तिला लिहिलं. माफी मागायची सवय नाही, तीन कागद फाडले.

काल उत्तर आलं. तिला दोन मुली आहेत, बँकेत नोकरी आहे, तब्येत बरी आहे. माझ्या कमरेची चौकशी केली आहे. खाली एक ओळ: बाई, मी पुढे दुखतं म्हणून कुणाला सांगायचंच सोडलं.

ती ओळ वाचून कालपासून कशात लक्ष लागत नाही. गुरुवारी तिला भेटायला जाते आहे. घरात हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

तुझी,
ताई