आत्याचा मान

अहो, पाळणा रिकामा बघून घाबरू नका. बाळ माझ्यापाशी गोठ्यात हाय आन अक्काबी इथंच बसलीय. पालमहून कंट्रोलच्या दुकानातली साखर मिळाली असल तर आधी आत द्या, आचारी खोळंबलाय.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीचा, आपल्या अक्काचा. पण सकाळी मामांनी, तुमच्या आप्पांनी, आपल्या लेकीला हळूच सांगितलं, "चन्नबसम्मा, तहसिलीतल्या पेशकारांच्या घरच्या सवाष्णी यायल्यात, तू जरा मागं बस. नाव तुझी चुलत बहीण ठेवल." गेल्या सोमवारी मठात मामाच बोलले व्हते, गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईला विधवापण न्हाई. ऐकून बाया रडल्या. मामा खोटं बोलणारे न्हाईत. बाईमाणसाला लिहिता आलं पायजे म्हणून मला अक्षरं त्यांनीच शिकवली. मग खरे मामा कोणते?

मी बाळाला उचलून इथं आणलं, पण अक्का त्याला मांडीवर घेईना. "आप्पांचं बरोबर हाय" म्हणती आन म्हशीकडं बघत बसती. तुमीच येऊन तिला समजवा. मी कोणत्या तोंडानं सांगू? सकाळी मी न्हाणीतून बाळाला घेऊन येताना अक्का समोर आली, तवा मी झटकन त्याच्या तोंडावर पदर ओढला. तिनं बघितलं. मला तसं करायला कुणी सांगितलंबी नव्हतं.

उमा