बाटल्यांवरची लाख

१२ नोव्हेंबर, बुधवार
टाकलं एकदाचं!

सीताबर्डीच्या पोस्टात खिडकीवरचा माणूस म्हणे, "मॅडम, भेजनेवाले का नाम?" म्हटलं, ह्या पाकिटावर नाव घालायचं नसतं, वर 'गोपनीय तक्रार' लिहिलंय ते वाचा. त्याने पाकीट उलटंपालटं केलं, आत जाऊन विचारून आला, मग घेतलं. मागे ही रांग! मला वाटलं, अख्ख्या बर्डीला कळलं की ही बाई कोणाची तरी चुगली करून राहिली.

चुगली कसली? सोमवारी सही घ्यायला ऑफिसच्या प्रयोगशाळेत गेले, तर गावोगावच्या पाण्याच्या बाटल्या रॅकवर तशाच. तोंडावरची सीलची लाखसुद्धा फोडलेली नाही! आणि त्याच बाटल्यांचे अहवाल मी शुक्रवारी टाइप केलेले — "पिण्यास योग्य". साहेबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. जन्म गेला स्टेनोगिरीत, सांगतील ते लिहिते. पण ते पाणी शाळेतली पोरं पिणार आहेत! मग सरळ मराठीत सगळं लिहून काढलं.

सुमंतला सांगितलं नाही. नवरा चांगला आहे, पण पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या फिरण्यात सगळ्या रिटायर्ड मंडळाला कळेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मयुरा आली होती. भाची, हायकोर्टात वकिली करते. "माझी एक मैत्रीण आहे" म्हणून विचारलं. ती हसली.

"मैत्रिणीला सांग मावशी, तक्रार करणाऱ्याला वाचवायचा कायदा संसदेने २०१४ सालीच केला. राष्ट्रपतींची सही झाली. लागू तेवढा झाला नाही."

म्हणजे काय? "म्हणजे स्वयंपाक झालाय, पानं वाढायची राहिलीत." इतकी वर्षं लागतात पानं वाढायला!

मग आहे काय? तर त्याच्या आधीचा सरकारचा एक ठराव. केंद्राच्या नोकरांनी दिल्लीला पाकीट पाठवायचं, ते नाव गुप्त ठेवतात. "पण मैत्रिणीला म्हणावं, तोंड बंद ठेव. तिनेच बोंब मारली, तर ते गुप्त काय ठेवणार?"

तोंड बंद ठेवायला मला काय जड आहे? ऑफिसात दुसरं करते काय!

३ डिसेंबर, बुधवार
दिल्लीहून घरच्या पत्त्यावर विचारणा — तक्रार तुमचीच ना? हो म्हणून कळवलं. सुमंत म्हणाला, कोणाचं पत्र? म्हटलं, विम्याचं.

१८ डिसेंबर, गुरुवार
काही नाही. साहेबांचा फोन वाजला की टायपिंग थांबवून कान देते.

६ जानेवारी, मंगळवार
काय करून बसले मी!

साहेबांनी बोलावलं. वही-पेन्सिल घेऊन गेले. टेबलावर इंग्रजी कागद. आमच्याच खात्याच्या दक्षतावाल्यांनी दिल्लीहून आलेली माझी तक्रार इंग्रजीत करून, नाव काढून, उत्तरासाठी धाडलेली. कोणाकडे? जिच्यात ज्याचं नाव आहे, त्याच्याकडेच! आणि साहेब उत्तर कोणाला लिहून देणार? मला!

"घ्या मॅडम. सदर तक्रार कुण्या असंतुष्ट, कामचुकार कर्मचाऱ्याने आकसापोटी..." घेतलं लिहून. कामचुकार! मी! पेन्सिलीचं टोक मोडलं, दुसरी घेतली. मान वर केली नाही.

मग वाचता वाचता साहेब खो खो हसायला लागले. "अरे देवा! म्हणे, रॅकवर एक लाख बाटल्या तशाच पडून होत्या! एक लाख! एवढ्या ठेवायला कस्तुरचंद पार्क लागेल मॅडम! असल्या गाढवाची तक्रार दिल्लीवाले घेतात!"

आणि मी — मी म्हटलं, "आकडा नाहीये तो साहेब. सीलची लाख. बाटल्यांवरची लाख तशीच होती, असं आहे ते."

निघूनच गेलं तोंडातून! कोणी चुकीचं वाचलं की माझी जीभ थांबतच नाही. स्टेनोची खोड, दुसरं काय! ज्याने मूळ मराठी पाहिलं, त्यालाच हे कळणार. ती इंग्रजी करणाऱ्याची अक्कल, निस्तरायला मी!

साहेबांचं हसू थांबलं. बघत राहिले माझ्याकडे. "अच्छा... लाख." मग म्हणाले, बाकीचं नंतर.

घरी कशी आले कळलं नाही. वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. सुमंतने दही कालवून खाल्ली.

७ जानेवारी, बुधवार
साहेबांनी एकदाही बोलावलं नाही. सारखी दाराकडे बघून राहिले.

९ जानेवारी, शुक्रवार
केबिनमध्ये चहा! "बसा" म्हणाले. म्हटलं, संपलं. आता राजीनामा मागणार.

"मॅडम, तुमच्यामुळे चोर सापडला."

मला समजेचना.

"तुम्ही लाख म्हणालात आणि ट्यूब पेटली. म्हणजे तक्रार मुळात मराठीत होती! आता आपल्याकडे इंग्रजीचा गंध नसलेला, दिवसभर बाटल्यांची लाख फोडणारा माणूस कोण? बळीराम!"

आमचा लॅबचा शिपाई. त्याला छत्तीसगडच्या शाखेत फेकणार म्हणताहेत. त्याची बायको कौशल्या इथे डायलिसिसवर आहे, दर आठवड्याला न्यावं लागतं. साहेबांना ठाऊक आहे सगळं.

मी? चहा प्यायले. पूर्ण प्यायले!

आणि मनात पहिलं काय आलं — वाचले बाई. खरं आहे म्हणून लिहून ठेवते. शी! लाज वाटते माझी मलाच.

१२ जानेवारी, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत बळीरामला गाठलं. नळावर डबा धुवून राहिला होता. म्हटलं, "तुम्ही नाही केली, हे साहेबांना सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं ना मॅडम. थे म्हणते, सबूत दे. न केल्याचा सबूत कोठून आणू मी?"

डबा झटकला. म्हणाला, "ज्यानं केली त्यानं बराबर केली. मले बाटल्या फोडूच नाई दिल्या त्याईनं. पण कौशल्याले कोठं नेऊ? तिकडं मशीनच नाई म्हणते. तुमाले काई मालूम हाय का मॅडम, कोनं केली?"

नाही म्हटलं. त्याच्या तोंडावर!

१३ जानेवारी, मंगळवार
मयुराला फोन. मैत्रीण-बित्रीण सोडून सगळं सांगितलं.

"मावशी, गप्प राहा. ठराव तक्रार करणाऱ्यासाठी आहे. बळीरामने केलीच नाही, तर त्याला तो कसा लागणार?"

आणि मला?

"नाव झाकलेलं आहे तोवर तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही. स्वतःहून पुढे आलीस तर झाकण गेलं. मग छळ झाला की पुन्हा दिल्लीला लिहायचं, वाट बघायची."

म्हटलं, दिल्लीलाच कळवते ना, भलत्याला धरलंय म्हणून. म्हणे, "कळव, आजच कळव. पण उत्तर येईस्तोवर त्याचं सामान तिकडे पोचलेलं असेल."

कळवलं. स्पीड पोस्टने.

१४ जानेवारी, बुधवार
सुमंतला सांगून टाकलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. "अगं, तुझं रिटायरमेंट—" एवढं म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला. मग पेपरमागूनच, "तिकडे छत्तीसगडला आपल्याला खोली भाड्याने मिळते का, विचारू कोणाला?"

रडले मी. आज पहिल्यांदा.

१६ जानेवारी, शुक्रवार
साहेबांनी बळीरामच्या बदलीचा आदेश सांगितला. मी लिहून घेतला. नेहमीसारखं म्हणाले, "वाचून दाखवा."

वाचून दाखवला. बळीरामच्या जागी माझं नाव वाचलं.

"बळीराम म्हणालो मी, मॅडम."

"हो साहेब. तिथे चूक होती."