बाणाच्या शेपटीला घर

१२ सप्टेंबर

उशीर झाला लिहायला, माफ कर. उन्हाळ्यापासून वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. होतं, म्हणूनच उघडली नाही.

हिचं विसरणं वाढलंय. आज चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "बसा ना पाहुणे, उभे का?" बसलो. काय करणार! मग म्हणाली, "आमचे हे वर खिंडीत गेलेत, रंग लावायला. येतीलच इतक्यात." मी म्हटलं, "येतील हो." दोघांनी मिळून माझी वाट बघितली.

१५ सप्टेंबर

ही ओढ्यापाशी सापडली. एका पायात माझी चप्पल, एका पायात तिची. दूधगाडीवाल्यानं आणून सोडली. "आजोबा, दाराला बाहेरून कडी घालत जा की!" सांगायला काय जातंय त्याचं. सगळे डोंगर पालथे घातलेली बाई ही. तिला कडी घालू?

१६ सप्टेंबर

लेकीचा फोन. दूधगाडीवाल्यानं तिलाही कळवलेलं दिसतं — तोंडाला झाकण नाही मेल्याच्या!

"आप्पा, आईला इकडे आणा. चांगली संस्था आहे. रात्रंदिवस बायका असतात, दाराला कुलूप असतं." कुलूप असतं हे ती चांगलं म्हणून सांगते! मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, "बघू नाही. पुन्हा एकदा हरवली की मी गाडी घेऊन येणार. मग काही ऐकायची नाही."

जेवण गेलं नाही. ही मात्र पोटभर जेवली, आणि हात धुऊन पुन्हा ताटावर बसली.

१९ सप्टेंबर

डोकं नुसतं भणभणतंय. तिथे नेलं तर ही आठ दिवसांत सुकून जाईल. पण इथे पुन्हा हरवली तर?

एक सुचलंय. आमचं घर म्हणजे वाटेचं पहिलं टोक. इथून रान, रानातून डोंगराची सोंड, सोंडेवरून वर खिंड, खिंडीपलीकडे दुसरं खोरं. या सगळ्या वाटेवरचे पिवळे बाण आम्हीच काढलेले, नवराबायकोनं. रेघ मी ओढायची, टोक तिनं काढायचं. माझा हात टोकाला थरथरतो म्हणून. सगळी टोकं खिंडीकडे. साहेब — वाटांच्या कचेरीतले, तेव्हाचे जुने — एकदा म्हणाले होते, परतीचे बाणपण काढा. तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कशाला रंग नासायचा? जाताना टोकाकडे जा, येताना शेपटीकडे या. बाणाच्या शेपटीला घर!" साहेब हसत हसत गेले. पुढे तर ट्रेकवाल्यांनाही ती तेच ऐकवायची.

तर सुचलं ते असं, की सगळे बाण घराकडे वळवायचे. विसरणाऱ्या माणसाला सोपं हवं. टोक दिसेल तिकडे चालायचं, शेंबड्या पोरालाही कळतं. मग कुठेही गेली तरी वाट तिला घरी आणून सोडेल. कुलूप नको आणि कडी नको.

२४ सप्टेंबर

झालं. जुने बाण राखाडी रंगानं बुजवले, नवे काढले. थेट खिंडीपर्यंत. चार दिवस लेकीच्या मामाला हिच्यापाशी बसवलं होतं. गुडघे बोलायला लागलेत. टोकं मलाच काढावी लागली. वाकडी आलीत, तिच्यासारखी नाहीत.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, या वयात बायकोला वाट दाखवताय होय? आजवर तिनं तुम्हाला दाखवली!" म्हटलं, चहा पी आणि गप बस.

२७ सप्टेंबर

काय सांगू! गाडीरस्त्यानं येऊन रानातच वाटेला लागलेले आठ-दहा ट्रेकवाले पाठीवर बोचकी घेऊन सरळ अंगणात. घामाघूम. "आजोबा, खिंड कुठाय?" म्हटलं, मागे. "पण बाण तर इथेच आणतायत!" एक मुलगी अशी हसली की खालीच बसली. ही पदर सावरत बाहेर आली आणि माझ्या कानात म्हणाली, "इतके पाहुणे, आणि घरात साखर नाही! तुम्ही कुणाला सांगू नका." फार दिवसांनी तिच्या तोंडावर उजेड होता. सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

३० सप्टेंबर

नवे साहेब आले. तापलेलेच. "खिंडीला जाणारे तुमच्या अंगणात येतायत. कुणी सांगितलं होतं हे?" खरं ते सांगितलं. हिनं त्यांना आत बोलावलं, "लेकाचे केस किती वाढलेत," म्हणून डोक्यावरून हात फिरवला. आम्हाला मुलगा नाही, मुलगीच आहे. साहेबांचा आवाज खाली आला. म्हणाले, आठवडा देतो, मग पहिल्यासारखं करा.

आणि गंमत म्हणजे ही या दिवसांत कुंपणाबाहेर गेलेलीच नाही. उगाच केलं की काय सगळं!

४ ऑक्टोबर

ही नाही. मी लाकडं आत आणत होतो, तेवढ्यात.

५ ऑक्टोबर

सगळे शोधतायत. मेव्हणा, दूधगाडीवाला, साहेबांची माणसं. ओढा पाहिला, खालचं रान पाहिलं, गाडीरस्ता पाहिला. साहेबांनी विचारलं, वर गेल्या असतील का? मी म्हटलं, वर कशाला जाईल, गुडघे धड नाहीत. आणि गेली तरी बाण तिला खालीच आणतील. मीच म्हटलं.

लेक आली. आल्या आल्या कपबशा विसळायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर

घरात बसवेना. कुणाला न सांगता निघालो, सोंडेच्या मोठ्या खडकापर्यंत चढलो, हाका मारल्या. तेवढ्यात धुकं उतरलं. हातभर पलीकडचं दिसेना. म्हटलं, परत फिरावं. चारी बाजूंना हाका मारून दिशा सुटलेली, बाण बघून वळलो. पिवळं दिसलं की पुढे, पिवळं दिसलं की पुढे. डोक्यात एकच — ही घरी आली असेल, चूल थंड आहे, तिला थंडी वाजत असेल. दम का लागतोय ते कळेना. उतरताना कुठे दम लागतो?

मग तोंडावर वारा आला. तो वारा मी ओळखतो. खिंडीतला.

मेव्हणा मागून धापा टाकत आला. माझ्या हाका ऐकून निघालेला. "दाजी! बाण दिसत नाहीत का तुम्हाला? स्वतःच काढलेत ना? मग उलटे कुठे चाललात?"

तिथेच बसलो.

७ ऑक्टोबर

बाणाच्या शेपटीला घर. हे एवढं तिच्या पक्कं ध्यानात राहिलं. बाण वळवताना माझ्याच ध्यानातून गेलं.

माझ्यासारखी तीपण घरीच निघाली असेल. एकेक बाण बघून, शेपटीकडे, बरोबर चालत. आणि शेपट्या मीच खिंडीकडे फिरवलेल्या. खिंड ओलांडून पलीकडे.

सगळे फटफटताच पलीकडच्या खोऱ्यात उतरले. मला इथे ठेवलंय, ही आली तर घरात कुणी हवं म्हणून. पलीकडच्या लोकांनो, एक म्हातारी दिसेल. पाय सुजलेले असतील. "आमचे हे येतीलच इतक्यात," म्हणत बसली असेल. तिला म्हणा, निघालेत, वाटेतच आहेत. तिच्या अंगावर काहीतरी घाला. आणि आम्हाला लवकर निरोप धाडा. कशीही असो. पण लवकर धाडा.