माऊच आहे ना?

३ मार्च
बायको भावाकडे जाऊन महिना होत आला. आज फोनवर म्हणाली, आधी एखादा जीव नीट सांभाळून दाखव, मग परत यायचं बघते. एवढंच ना. चुटकीसरशी.

४ मार्च
सखोल अभ्यास केला. अरेबियन माऊ ही मांजराची जात कुणी मुद्दाम तयार केलेली नाही, वाळवंटात आपली आपणच तयार झाली. म्हणजे आपली आपणच सांभाळलीही जाणार. अशीच हवी.

७ मार्च
आणली. गॅरेजवाल्याकडे मिळाली. माऊच आहे ना, असं दोनदा विचारून खात्री केली. दोन्ही वेळा म्हणाला, मग काय साहेब, माऊच आहे. तापलेल्या बॉनेटवर खुशाल झोपली होती. रक्तातच वाळवंट. बायकोला फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. सुरुवात चांगली आहे.

८ मार्च, सकाळ
वाळवंटात पाणी कुठलं? वाटी उचलून ठेवली. पंखा बंद, खिडक्या बंद. मी घामाघूम, ती कपाटाखाली. रुळतेय.

११ मार्च
रोज तिच्याशी खेळायचं ठरलं होतं. काल कंटाळा आला, आज मीटिंग. उद्यापासून नक्की. बाथरूमचा गळका नळ चाटत होती. घट्ट बंद केला. सवयी बिघडता कामा नयेत.

१३ मार्च
खात नाही, पडून असते. बायकोला कळवलं, अगदी शांत झालीय, माझा लळा लागलाय. तिने विचारलं, पाणी पिते का? मी वाळवंटाचं समजावून सांगितलं. तिने फोनच ठेवला. इम्प्रेस झाली असावी.

१४ मार्च
सकाळीच बायको दारात. जिंकलो, असं वाटलं. तिने चपलाही काढल्या नाहीत. माऊला टॉवेलात गुंडाळून थेट डॉक्टरकडे. मी मागे मागे. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. म्हणाल्या, वाळवंटातल्या मांजरालाही पाणी लागतं, आणि ही तर गल्लीतली साधी मांजर आहे. मी म्हटलं, गॅरेजवाल्याने स्वतः माऊ म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, माझी दोन वर्षांची नातही हिला माऊच म्हणेल. बायको हसली नाही. पूर्वी माझ्या असल्या घोळांवर पोट धरून हसायची.

१७ मार्च
माऊ बरी आहे. खाते, पाणी पिते. बायकोने फोटो पाठवला. मेहुण्याच्या घरी, तिच्या मांडीवर. मी विचारलं, दोघी कधी येताय? तिने लिहिलं, ती नाही येणार. मग बऱ्याच वेळाने लिहिलं, मीही नाही.

मी ‘बरं’ लिहिलं. फार वाईट वाटतंय.